बेबीआत्याचं धरन

बेबीआत्याचं धरन फुटलं त गावात सगळ्यात पह्यले मी मरन, हे मले लग्न होऊन आल्या आल्याच कळलं. सासूनंच सांगतलं. मी भांडे घासाले मांगच्या अंगनात गेली, त समोर मातीची येवढी उंच भिंत, भिंतीवर गवत, अन् वर गवतात निळी खुर्ची टाकून एक बाई बसून. म्हनलं, "आई, ही टेकडी कोनती हो?" सासू म्हने, "टेकडी नाई, धरनाची पाळ हाये. तिकडल्या अंगानं पानी हाये." म्हनलं, "किती?" म्हने, "भरलं म्हनजे आपल्या छपराच्या वर." अन् भाकरी थापाले निघून गेली. माह्या हातातलं घासाचं गंज, पातेलं, हातातच राह्यलं. मी अल्लीपूरकडची, आमच्याकडे पानी विहिरीत राह्यते, खाली राह्यते. डोक्याच्या वर राह्यनारं पानी मी जन्मात पाह्यलं नव्हतं.

अन् ती वरची बाई माह्यावरच पाहून राह्यली होती. वरूनच ओरडली, "ये नवरी! राखड नाल्यात नोको टाकजो, नाला बुजते!" मी भेली अन् गंज टाकून घरात पळाली.

बेबीआत्या म्हनजे गावची पोरगी. साठीच्या वर गेली तरी पोरगीच, कारन लग्न होऊन ती कुठी गेलीच नाई. बापाले एकुलती एक, वावर तिचं, धरन तिचं, म्हनून बापानं नवराच इकडे आनला. लहान-मोठे सारे तिले आत्या म्हनत अन् तिच्या नवऱ्याले सारे जावईबापू. मानसाचे दात गेले, कमर वाकली, तरी जावईबापूच. चौकात गेले का म्हातारे उठून जागा देत, "या जावईबापू, बसा," अन् ते बिचारे लाजून कोपऱ्यात बसत. बोलत नसत. आत्या बोले तेच दोघाइले पुरे होये.

माहेरातच राह्यल्यानं आत्याले डोक्यावर पदर नाई अन् कोनाची भीड नाई. सरपंचालेही म्हने, "तुह्या नाकाचा शेंबूड म्या पुसला, मले नोको शिकवू." आमी साऱ्या सुना पदर सावरत भिंतीच्या कडंकडंनं चालू, अन् ही लुगड्यावर जावईबापूचा जुना शर्ट घालून, पायात मानसाचे कॅनव्हासचे जोडे, गालात तंबाखूचा खर्रा, पाळीवरून हिंडे. मले त पाहूनच गुदगुल्या होत. अशी बाई होता येते, हे मले आठवीपर्यंत कोन्या मास्तरनं सांगतलं नव्हतं.

तिच्या धरनाले कोनी बोडी, म्हनजे डबकं, म्हनलं त संपलं. "बोडी असन तुह्या सासऱ्याची! हे धरन हाये. माह्या बापानं बैलं जुंपून बांधलं." खरं सांगू का, धरन लहानच. या टोकावरून शिवी दिली त त्या टोकाले लागते. गिरडच्या टेकड्याइकडून एक नाला येते, वरच्या गावाच्या अंगावरून येते, तो दोन टेकाडाच्या मधात काळ्या मातीच्या पाळीनं आडवला, येवढंच. पान्याच्या अंगानं दगड लावले, आमच्या अंगानं गवत. अन् एका टोकाले पाळ थोडी खाली ठेवून दगडाची वाट केली, तो सांडवा. धरन भरलं का जास्तीचं पानी सांडव्यावरून निघते अन् आमच्या घराच्या मांगून नाल्यानं पुढं जाते. सरकारी धरनाले चौकीदार राह्यते, भोंगा राह्यते. आमच्या धरनाले बेबीआत्या होती.

ती म्हने, "पानी म्हनजे पाव्हना. येऊ द्या, बसू द्या, चा पाजा. पन जायचा दरवाजा लावून नोका घेऊ." हे ती खऱ्या पाव्हन्याच्या तोंडावरही म्हने, चा झाला का. अन् आनखीन एक म्हने, ते मले झोपू नाई देये. "मातीची पाळ पान्याले छातीनं आडवते. डोक्यावरून पानी गेलं का गुळासारखी इरघळते."

मी नवऱ्याच्या मांग लागली, का घर वर चौकाकडे बांधू. ते म्हने, "अवं, फुटलं त सारं गावच जाईन, तू एकटीच काऊन भेते?" घ्या. याच्यानं कोनाले धीर येते का?

माही छकुली पोटात होती तेव्हाची गोष्ट. पावसाळ्यात एक दिवस मी पाह्यलं, पाळीच्या पायथ्याशी, आमच्या अंगानं, गवत वलं. पाऊस उघडलेला, सारं सुकलेलं, अन् तिथून झुळझुळ पानी निंघून राह्यलं. झालं! मी तेवढं पोट घेऊन "फुटलं वं माय, फुटलं!" करत गल्लीनं पळाली, एक चप्पल घरी, एक पायात. सारं गाव बाहेर आलं. आत्या आली ते हातात इस्टीलचा गलास घेऊन. तिनं गलास त्या झिऱ्याखाली धरला, भरला, उन्हाकडे केला अन् माह्या नाकासमोर आनला.

"पाह्य. निवळ हाये का गढूळ?"

"निवळ हाये."

"मंग धरनाले घाम येऊन राह्यला. येवढं पानी छातीवर घेऊन बसलं, घाम नाई येईन का? तुले नाई येत?"

"अन् गढूळ आलं त?"

"गढूळ आलं म्हनजे पान्यासंग माती जाऊन राह्यली. आतून पोखरून राह्यलं. मंग मले सांगाले नोको थांबजो, पोट धरून पळजो."

अन् तो गलास तिनं गटागटा पेऊन टाकला. जावईबापूनं डोळे मिटून घेतले. गाव हासून हासून लोयपोय झालं, मीही हासली, हासता हासता रडलीही. पन मनात काटा राह्यलाच. दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी गलास घेऊन पायथ्याशी जाये अन् पानी पाहे. गावानं माह्यं नाव गलासवाली ठेवलं. आत्या वरून खुर्चीतून ओरडे, "काय वं गलासवाली, काय म्हनते धरन?"

"निवळ हाये आत्या!"

"मंग काय पाहून राह्यली? जाय, कुकर लाव!"

माही टिंगल साऱ्यात जास्त तीच करे. पन मी हाक मारली अन् ती आली नाई, असं एकदाही नाई झालं. नवरा म्हने, झोप. सासू म्हने, पोरगी येडी हाये. आत्या शिव्या देत देत येये, पन येये.

झाडाचा किस्सा त लयच गाजला. एका पावसाळ्यात सरपंचाच्या मनात आलं का झाडं लावाचे. फोटोवाला आनला, अन् जागा कोनती शोधली? आत्याची पाळ. हिरवी, उंच, मांग पानी, फोटो चांगला येते म्हने. आत्या नातेवाइकाच्या लग्नाले वर्ध्याले गेलती. वापस आली त पाळीवर वड, पिंपळ, लिंब, रांगेनं उभे. तिचं डोकं सनकलं. "झाडाची मुळी मातीत भोकं पाडते, झाड मेलं का मुळी सडते, अन् पान्याले बोगदा भेटते. कोन्या शान्यानं लावले?" तिनं काय करावं? सारे झाडं मातीसकट उपटले, गाडीत भरले, अन् सरपंचाच्या दारापुढं खड्डे खोदून लावून आली, दारालेच लागून. सरपंच सकाळी उठते त फटफटी बाहेर काढाले जागा नाई. बोंबलत आला. आत्या म्हने, "पानी घालजो बाप्पा रोज. पुन्याचं काम हाये." त्याच्यातला लिंब अजून हाये त्याच्या दारात, फटफटी आडवी करून काढा लागते.

उन्हाळ्यात तिचं येगळंच. काळी माती तापली का पाळीले हात जाईन येवढ्या भेगा पडते. मंग आत्या अन् जावईबापू माती कालवून त्या भेगा बुजत. घुशीचं बीळ दिसलं का आत्या खांद्यापर्यंत हात घाले अन् आतल्या घुशीसंग बोले, "निंघ, भाडं नाई देत का काई नाई देत, बसली आरामात!"

आता असल्या बाईनंच सांडवा बंद करावा, सांगा.

झालं असं, का तिनं धरनात मासोळी सोडली. खाले नाई. तिच्या गळ्यात माळ, ती कांद्यालेही इचारून खाये. पाहाले सोडली. एक मोठी कतला होती, जाडी, मोठ्या तोंडाची, तिचं नाव आत्यानं पाटील ठेवलं. सरकीच्या ढेपेचे गोळे घेऊन काठावर बसे अन् आवाज देये, "पाटील, या, जेवून घ्या," अन् तो खरंच येये. जावईबापूले येवढ्या लाडानं तिनं कधी जेवाले बलावलं नाई. पोट्टे चिडवत, "आत्या, पाटलाचा रस्सा केव्हा करतं?" त म्हने, "तुह्या तेरवीले."

पाटील सांडव्यावरून वाहून जाईन म्हनून तिनं पावसाळ्याच्या तोंडावर सांडव्याले जाळी बांधली. चांगली मजबूत, नायलॉनची, दोन्हीकडून खुटे ठोकून, गाठीवर गाठी. छकुली तेव्हा दुडूदुडू पळत होती, मी तिले कमरेवर घेऊन वर गेली. म्हनलं, "आत्या, पाव्हन्याचा दरवाजा लावला काय तुमी?"

"लावला कुठी? जाळीचा दरवाजा बसवला. हवा येते, मच्छर येत नाई. पानी जाईन, मासोळी राहीन. तुले समजते का काई?"

मले समजत नव्हतं हे खरंच. पानी जाऊनही राह्यलं होतं. म्हनून मी खाली उतरली.

मंग पोळा आला. पोळ्याले आमच्याकडे दारोदार पळसाच्या फांद्या ठेवते, मेढे म्हनते त्याले. दुसऱ्या दिवशी सकाळीच "ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत" असं ओरडत ते मेढे गावाबाहेर नेऊन फेकते. रोगराई, मच्छर, खोकला, सारं त्या फांद्यासंग गेलं असं समजाचं. आमच्या गावचे लोक माळावर फेकते. वरच्या गावचे लोक नाल्यात फेकते. घरटी फांद्या, पानं ताटायेवढाले, अन् नाला सरळ आत्याच्या धरनात. दरसाली ते मेढे धरनात येत अन् सांडव्यावरून आमच्या मांगून निघून जात. कोनी कधी त्याचा इचारच नाई केला.

त्या साली मारबतीच्या सकाळी पाऊस असा धो धो आला का अंगनातलं दिसत नव्हतं. दुपारी उघडला, अन् देवळापुढं तान्हा पोळा भरला. लेकरं लाकडाचे नंदी सजवून दोरीनं वढत आले, भोंग्यावर गाने, चिखलात नुसती जत्रा. तान्ह्या पोळ्याले बक्षीस कोनाले द्याचं ते आत्या ठरवे. माइक हातात घेऊन ती सारे नंदी तपासत होती, "हा दुकानातला हाये, याले काई नाई. याचे शिंगं कोनी लावले? बापानं? मंग बापाले बक्षीस देऊ का?"

छकुलीच्या नंदीची झूल घरी राह्यली म्हनून मी तिले घेऊन घरी आली. मांगच्या अंगनात वाळत टाकली होती. झूल काढली, अन् मले कसंतरीच वाटलं. काय चुकून राह्यलं ते समजेना. मंग समजलं. नाला वाजून नव्हता राह्यला. येवढा पाऊस पडला, नाल्यानं अंगावर याले पाह्यजे होतं, अन् पाह्यतो त दगडामधून करंगळीयेवढी धार. मी शिकली कमी, पन भेनाऱ्या मानसाचं डोकं लवकर चालते. वरून आलेलं पानी खाली नाई, म्हनजे ते वरच हाये.

छकुलीले कमरेवर घेतलं अन् पाळ चढली. वर जाऊन पाह्यतो त काय, पानी पाळीच्या काठाले! पाळीवर बसून पाय सोडले असते त पोटऱ्या बुडल्या असत्या. अन् सांडव्यावर हिरवीगार भिंत. वरच्या गावाच्या साऱ्या फांद्या, सारी ईडा पीडा, जाळीले येऊन चिपकली, पानावर पान बसलं, त्याच्यात गाळ, अन् थेंबभर वाट नाई.

मी कशी पळाली मले आठवत नाई. देवळापुढं घुसली अन् ओरडली, "आत्या, नाला वाजून नाई राह्यला!"

लोकं हासले. "आली गलासवाली! आज गलास कुठी हाये वं?"

आत्या नाई हासली. तिनं तोंडातला खर्रा थुकला. "बिलकुल नाई वाजून राह्यला?"

"बिलकुल नाई. मेढे अटकले जाळीले. पानी काठाले लागलं."

मी तिचं तोंड कधी असं पाह्यलं नव्हतं. पन माइक तिच्या हातातच होता. म्हने, "पोट्टेहो, साऱ्याइले पह्यलं बक्षीस! आता गुपचाप देवळाच्या वट्यावर चढा. खालच्या वस्तीतल्या बायाहो, लेकरं घ्या, म्हातारे घ्या, वट्यावर या, भांडेकुंडे मरू द्या. अन् गडीमानसं कासरे घेऊन माह्या मांग!"

सासू वट्यावर चढली, छकुलीले मी तिच्या मांडीत देल्लं. मीही तिथीच बसाले पाह्यजे होती. पन माहे पाय आत्याच्या मांग निंघाले, मी काय करू?

पोळ्याचे कासरे, नवेकोरे, लाल-पिवळे रंगवलेले. दोन कासरे जोडून आत्याच्या कमरेले बांधले. जवान पोरं म्हने, "आत्या, आमी जातो." ती म्हने, "गाठी म्या बांधल्या, म्या सोडतो. तुमी वढा फक्त. अन् समोरून कोनी नोका जाऊ, जाळी सुटली का मानूसही जाईन." इळा घेऊन ती बाजूच्या दगडावरून उतरली. दोराच्या सगळ्यात पुढं जावईबापू. अन् तेव्हा मी त्याइचा आवाज पह्यल्यांदा ऐकला.

"बेबे, पाटील जाईन वं."

"जाईन त जाईन!" ती मांग न पाह्यता म्हने. "ही गलासवाली गेली त मले रोज सकाळी निवळ-गढूळ कोन सांगन?"

अन् कापाले लागली. एकेका गाठीले एकेक शिवी. एक वरच्या गावाले, एक मारबतीले, एक नायलॉन बनवनाऱ्याले. शेवटच्या गाठीवर इळा ठेवला अन् म्हने, "अन् ही माह्या अकलेले." कचकन कापली. ती हिरवी भिंत जरा हालली, वाकली, अन् मंग धडाड करून सारं गेलं! असा आवाज, का पाळ पायाखाली थरथरली. मी डोळे लावून घेतले, म्हनलं गेलं, सारंच गेलं. डोळे उघडले त पाळ जाग्यावर, अन् लोकं आत्याले चिखलातून वढून राह्यले, जशी नवसाची बकरी, एक जोडा पायात, एक गेला वाहून, अन् ती वढता वढता वरडून राह्यली, "हळू वढा रे, कमर हाये, खुटा नोहे!"

अन् मासोळ्या! वरून पान्यासंग पटापट खाली. नाल्यात मासोळ्या, गवतात मासोळ्या, आमच्या भांडे घासाच्या दगडावर दोन मासोळ्या. नाला आमच्या अंगनाच्या काठापर्यंत चढला, अंगनात नाई आला. पानी पाळीच्या काठाखाली उतराले लागलं तसं पोट्टे वट्यावर थांबते कायचे! टोपल्या, छत्र्या, शाळेचे दप्तर, तान्ह्या पोळ्याचा बॅनर, ज्याले जे भेटलं ते घेऊन पान्याच्या कडंनं मासोळ्या पकडाले धावले. सरपंच त धोतराची झोळी करून उभा होता. तेवढ्यात पाटील आला. सांडव्यावर एक सेकंद आडवा झाला, पोट पांढरंशुभ्र चमकलं, अन् गेला. आत्यानं चिखलाचे हात जोडले. "रामराम पाटील. सांभाळून जाजा."

मी हासून राह्यली होती का रडून, माहाच मले पत्ता नव्हता. आत्यानं माह्या डोक्यात टपली मारली. "पाहून काय राह्यली? तुह्या दगडावरच्या दोन घे, नाईतर मांजर खाईन."

त्या दिवशी साऱ्या गावात रस्सा शिजला. आत्या वरनभात खाऊन घरोघरी हिंडली अन् साऱ्याइले इचारत होती, "पाटील त नाई ना सापडला कोनाले?" नव्हता सापडला. गढूळ पान्यात पुढं गेला कुठीतरी.

जाळी परत लावली नाई. उलट दसऱ्याच्या आत तिनं सांडवा आनखी रुंद केला अन् आनखी खाली केला, नवे दगड बसवले. सांडवा खाली म्हनजे धरनात पानी कमी, म्हनजे तिच्या गव्हाले शेवटचं पानी नाई. लोकं म्हने, आत्या येडी झाली. ती म्हने, "गहू कमी खाऊ. म्हाताऱ्याले दात कुठी हाये?" जावईबापू लाजून हासले. अन् वरच्या गावात जाऊन ती असं काई बोलून आली का तेव्हापासून ते लोक मेढे माळावर फेकते. काय बोलली ते सांगता येत नाई, बायामानसात सांगतो केव्हातरी.

पुढच्या पावसाळ्यात आत्या गेली. आजार नाई, काई नाई, दुपारची झोपली ते उठलीच नाई. त्याच्या दोनक दिवस आधी मी तिले पाह्यलं, ते शेवटचं. धरन भरलं होतं, सांडवा जोरात होता, पानी असं उसळून राह्यलं होतं का फवारा तोंडावर येये. मी छकुलीचा हात धरून या काठावर, अन् आत्या त्या काठावर. वाऱ्यानं तिची छत्री उलटी झाली होती, तरी तिनं ती तशीच डोक्यावर धरली होती. मले पाहून तिनं हात हालवला अन् काईतरी ओरडली. सांडव्याच्या आवाजात एक शब्द ऐकू नाई आला. मी कानाले हात लावला. ती आनखी मोठ्यानं ओरडली, तोंड येवढं उघडून, अन् आपलीच हासाले लागली, पोट धरून. मंग उलटी छत्री तशीच घेऊन पाळीवरून घराकडे निंघून गेली.

शिवीच देल्ली असन. मी "हाव आत्या, हाव!" म्हनून ओरडली, ते तिलेही ऐकू नसन गेलं.